नावडतीचं मीठ

गेल्या दिवाळीत पुण्याला दादाकडे गेलो होतो. लक्ष्मीपूजन झालं, फटाके झाले, आणि आता फराळाची ताटं पुढ्यात घेऊन करायचं काय असा प्रश्न पडला तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही आणि बाबा सारखं ते स्टार ट्रेक, स्टार ट्रेक करत असता ना? जुने सहा सिनेमे आहेत. मी यादी काढलीये. दोन, चार आणि सहा बघायचे."

"आणि एक, तीन, पाच?"

"ते बघायचे नसतात."

हे 'बघायचे नसतात' त्याने अशा सुरात म्हटलं, की जशी काही शनिवारी नखं कापायची नसतात. माझी चकली हातातच राहिली. त्या वेळी मी त्याच्याशी तावातावाने काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही, पण बोलायचं बरंच राहून गेलं एवढं नक्की. ते आज लिहून टाकतो.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही (आमची मावशी धरून) त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टार ट्रेक ही मूळची अमेरिकन टीव्ही मालिका. १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली आणि बंद पडली. नंतर पुन्हा पुन्हा दाखवली गेली तेव्हा मात्र लोकांनी डोक्यावर घेतली. मग १९७९ ते १९९१ या काळात त्याच नटसंचाला घेऊन सहा सिनेमे आले. एंटरप्राइज नावाचं अंतराळयान, त्याचा धाडसी कप्तान कर्क, भावनांना दूर ठेवून फक्त तर्काने चालणारा व्हल्कन ग्रहावरचा स्पॉक, आणि सतत चिडचिड करणारा पण मनाने अतिशय हळवा डॉक्टर मॅकॉय. हे तिघे म्हणजे सगळ्याचा गाभा.

आणि या सिनेमांबद्दल चाहत्यांमध्ये एक नियम आहे. सम आकड्यांचे चांगले, विषम आकड्यांचे वाईट. पुढच्या पिढीच्या कलाकारांना घेऊन आलेला आठवा सिनेमा (१९९६) गाजला तेव्हा नियम आणखी पक्का झाला. २००२ साली दहावा पडला आणि २००९ साली अकरावा जोरात चालला, तेव्हा खरं तर तो मोडीत निघायला हवा होता. पण पहिल्या सहांपुरता तो अजून ठणठणीत आहे. दिवाळीच्या फराळापर्यंत येऊन पोचलाय म्हणजे बघा.

आता आधीच कबूल करतो. दुसरा भाग, म्हणजे खानचा, भन्नाट आहे. चौथ्यात ही मंडळी देवमासे आणायला १९८६ च्या सॅन फ्रान्सिस्कोत येतात, तो आजही पोट धरून हसवतो. सहावा उत्तम बेतलेला. यांच्याविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. तक्रार आहे ती आपल्या बघण्याबद्दल. आपल्यात म्हण आहे ना, नावडतीचं मीठ अळणी. एकदा एखादी गोष्ट नावडती ठरली की तिने काहीही वाढलं तरी ते बेचव. एक, तीन, पाच या तिघांचं असंच झालंय. बहुतेक लोक चव न घेताच सांगतात, मीठ कमी आहे म्हणून.

पहिल्यापासून सुरू करतो.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो डोंबिवलीच्या घरात. शनिवारी संध्याकाळी व्हीसीआर भाड्याने आणायचा, रविवारी दुपारपर्यंत परत द्यायचा, आणि मधल्या वेळात जितक्या कॅसेटी बघून होतील तितक्या बघायच्या, हा त्या वेळचा सर्वमान्य कार्यक्रम. दादाने ही कॅसेट आणली होती. आम्हाला मारामारी हवी होती. पडद्यावर एंटरप्राइज गोदीत उभी, आणि कर्क छोट्या यानातून तिच्याभोवती फिरून फिरून बघतोय. बघतोय आणि बघतोय. चांगली चार-पाच मिनिटं! आमचे अण्णा (म्हणजे वडील) तिथेच घोरायला लागले.

मग इलिया नावाची तुळतुळीत डोकं केलेली नायिका आली आणि अण्णा खडबडून जागे झाले. "अरे, ही तर आपल्या मुंबईची. पर्सिस खंबाटा. मिस इंडिया होती!" खरंच होतं ते. १९६५ सालची मिस इंडिया. या भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले. १९८० साली ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायलाही ती उभी राहिली. १९९८ मध्ये मुंबईतच गेली बिचारी, पन्नाशीही गाठली नव्हती. तेव्हा आमच्या घरात या सिनेमाचं नाव 'खंबाटाचा सिनेमा' असंच पडलं.

अमेरिकेत लोकांनी त्याची टिंगल करताना 'मोशन पिक्चर' या नावाचंच 'मोशनलेस पिक्चर' करून टाकलं. गंमत म्हणजे तो पडला वगैरे नव्हता, तिकीटबारीवर चांगला चालला. पण खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेला होता आणि प्रदर्शनाची तारीख आधीच ठरून बसलेली. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजला शेवटचा हात फिरवायलाही वेळ मिळाला नाही. तो थेट २००१ साली मिळाला, डीव्हीडीसाठी. बावीस वर्षांनी!

पण गोष्ट काय आहे ते बघा. पृथ्वीकडे एक प्रचंड ढग येतोय. वाटेत येईल ते गिळत येतोय. आत एक यंत्र आहे, स्वतःला व्हीजर म्हणवणारं. शेवटी कळतं की ते आपलंच व्हॉयेजर यान आहे, माणसानेच सोडलेलं. (सिनेमातलं सहावं. प्रत्यक्षात दोनच, १९७७ साली सोडलेली.) जेवढी माहिती मिळेल तेवढी गोळा करून आणायला त्याला सांगितलेलं, त्याने ती केली, आणि आता ते विचारतंय: पुढे काय? एवढंच आहे का सगळं? मला माझ्या निर्मात्याला भेटायचंय.

सगळ्या जगाची माहिती पोटात असलेलं एक यंत्र, आणि त्या माहितीचं करायचं काय हे त्याला ठाऊक नाही. १९७९ साली हे लोकांना कंटाळवाणं वाटलं असेल. आज मला ते तसं वाटत नाही.

आणि स्पॉक. सिनेमाच्या सुरुवातीला तो व्हल्कनवर उरल्यासुरल्या भावना कायमच्या पुसून टाकायच्या विधीला बसलेला असतो, तो अर्धवट सोडून येतो. पुढे एकटाच त्या यंत्राच्या आत शिरतो, त्याच्या मनाशी मन जोडतो आणि बेशुद्ध होऊन परत येतो. शुद्धीवर आल्यावर हा भावना नको म्हणणारा माणूस कर्कचा हात घट्ट धरतो आणि सांगतो की ही एवढी साधी गोष्ट त्या यंत्राला कळत नाही. बस. ना मारामारी, ना स्फोट. दोन मित्रांनी एकमेकांचा धरलेला हात. शेवटी अण्णांनी विचारलं होतं, "मग त्या यंत्राला भेटला का देव?" आम्ही तोवर दुसरी कॅसेट लावायच्या घाईत होतो.

अजून एक. ज्या दुसऱ्या भागाच्या आरत्या ओवाळल्या जातात तो पहिल्याच्या साधारण पाव खर्चात झाला. कसा झाला? सेट पहिल्याचे, यानाची मॉडेलं पहिल्याची, एंटरप्राइज गोदीतून बाहेर पडते ती दृश्यंसुद्धा पहिल्यातलीच उचललेली. जेरी गोल्डस्मिथचं पहिल्यातलं संगीत १९८७ सालच्या नव्या मालिकेचं शीर्षकसंगीत झालं. म्हणजे थोरल्याने घर बांधलं, वास्तुशांत धाकट्याच्या नावाने झाली.

आता तिसरा. १९८४. दिग्दर्शक स्वतः स्पॉकच, म्हणजे लेनर्ड निमॉय.

दुसऱ्या भागाच्या शेवटी स्पॉक सगळ्यांना वाचवण्यासाठी मरतो. बहुतांच्या हितापुढे एकाचं हित गौण, असं म्हणून. त्या प्रसंगाला रडला नाही असा चाहता नसेल. तिसरा भाग विचारतो की जे मागे राहिले त्यांनी काय करायचं? आणि उत्तर अगदी उलटं देतो. एकासाठी बहुतांनी सगळं पणाला लावायचं. कर्क हुकूम मोडतो, स्वतःचंच यान चोरतो. इतक्या वर्षांनी भेटलेला त्याचा मुलगा या फंदात मारला जातो. एंटरप्राइज त्याला स्वतःच्या हाताने उडवावी लागते. आणि हातात काय येतं? नाव आठवायला धडपडणारा एक मित्र.

मुलाच्या मृत्यूची बातमी कर्कला ऐकू येते तो प्रसंग जरूर बघा. तो दोन पावलं मागे येतो, खुर्चीवर बसायला जातो, आणि खुर्ची चुकते. खाली पडतो. सगळ्या विश्वात ज्या एका खुर्चीवर या माणसाचा हक्क होता तीच त्याला सापडत नाही. विल्यम शॅटनरच्या अभिनयाची नक्कल करून हसणाऱ्यांनी (आम्हीही करायचो) हे एक मिनिट बघावं आणि मग हसावं.

शेवटी स्पॉकचे वडील त्याला म्हणतात, तुझं यान गेलं, मुलगा गेला, केवढी ही किंमत. त्यावर कर्कचं म्हणणं एवढंच, की प्रयत्नच केला नसता तर आत्मा गमावून बसलो असतो. दुसरा भाग पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. तिसरा संपल्यावर कोणी टाळ्या वाजवणार नाही. मला वाटतं लोकांच्या नावडीचं कारण यातच आहे. सम भागांत ही माणसं बहुतेक जिंकतात. विषम भागांत ती किंमत मोजतात, आणि किंमत मोजणारा माणूस बघायला आपण सुट्टीच्या दिवशी तिकीट काढत नाही.

राहिला पाचवा. १९८९. इथे वकिलाला घाम फुटतो. :)

यातले दोष मीच सांगतो, म्हणजे विरोधी पक्षाचे कष्ट वाचतील. विनोद केविलवाणे आहेत. ज्या इंजिनिअर स्कॉटीला यानाचा कोपरान् कोपरा ठाऊक, तो तुळईवर डोकं आपटून आडवा होतो. स्पेशल इफेक्ट्स तर टीव्ही मालिकेला शोभतील असे. शेवटी दगडांचे राक्षस दाखवायचे होते, पण पैसे संपले. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी पुरस्कार याला मिळाला आणि सर्वांत वाईट दिग्दर्शकाचा शॅटनरला. सगळं मान्य.

पण गोष्ट ऐका. सायबॉक नावाचा एक व्हल्कन आहे, स्पॉकचा सावत्र भाऊ. हा एक प्रकारचा बुवाच म्हणा ना. टीव्हीवर प्रवचनं देणाऱ्या अमेरिकन धर्मोपदेशकांवरूनच शॅटनरला तो सुचला. तो माणसाला त्याच्या मनातलं सगळ्यात खोल दुःख पुन्हा समोर दाखवतो आणि त्यातून मोकळं करतो. मोकळी झालेली माणसं त्याच्या मागे जातात. त्याला आकाशगंगेच्या मध्यावर जाऊन देवाला भेटायचंय. देव म्हणून जे भेटतं ते यान मागतं. तेव्हा कर्क शाळकरी मुलासारखा हात वर करून विचारतो, देवाला यान कशाला लागतं? बुवाबाजीवर इतका साधा आणि इतका अडचणीचा प्रश्न मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात ऐकलेला नाही. आपल्याकडे तर तो रोज विचारता येईल.

पण मला हा सिनेमा जवळचा आहे तो दुसऱ्याच एका प्रसंगासाठी. सायबॉक डॉक्टर मॅकॉयला त्याचं दुःख दाखवतो. अंथरुणावर मॅकॉयचे वडील. असह्य वेदना. यंत्रांच्या आधाराने जगवलेले. मुलगा डॉक्टर, पण काही करू शकत नाही. वडील सोडवण्याची विनवणी करतात आणि मॅकॉय यंत्र बंद करतो. आणि त्यानंतर थोड्याच काळात त्या रोगावर औषध सापडतं.

हे पुढचं दादाला विचारून लिहितोय.

२०१२ साली अण्णा आयसीयूत होते. चौदा दिवस. बोलता येत नव्हतं, नळ्या होत्या. बाराव्या दिवशी त्यांनी कागद मागितला आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'घरी'. डॉक्टर म्हणाले, नेऊ नका, अजून बघू. नेणार असाल तर स्वतःच्या जबाबदारीवर न्या, सही करा. दादाने मला बाहेर व्हरांड्यात आणून विचारलं, "काय करू या?" मी म्हणालो, "तू म्हणशील तसं."

दोन दिवसांनी दादाने सही केली. आम्ही अण्णांना घरी आणलं. चार रात्री ते स्वतःच्या पलंगावर होते आणि पाचव्या दिवशी पहाटे गेले. दहाव्याला आत्या म्हणाली, "अजून आठ दिवस ठेवायला हवं होतं रे." तिचा दोष नाही, तिचा भाऊ गेला होता. पण दादा त्या दिवसापासून गप्प झाला तो झालाच. आमच्याकडे त्या सहीबद्दल कोणी बोलत नाही. आणि माझ्या 'तू म्हणशील तसं'बद्दल तर कोणाला माहीतच नव्हतं. ती सही अर्धी माझी होती. मी ती सगळी त्याच्या अंगावर टाकून मोकळा झालो.

अण्णा गेल्यावर वर्षभराने मी एकट्याने पाचवा भाग पाहिला, तो केवळ झोप येत नव्हती म्हणून. लहानपणी पाहिला होता तेव्हा या प्रसंगाकडे लक्षही गेलं नव्हतं. त्या रात्री मी सिनेमा तिथेच थांबवून बराच वेळ बसून राहिलो. मग पुढचं पाहिलं. सायबॉक कर्ककडे वळतो आणि कर्क साफ नाही म्हणतो. दुःख आणि अपराधीपणा ही काही जादूची कांडी फिरवून घालवायची गोष्ट नाही, असं त्याचं म्हणणं. ते आपल्याबरोबर असतं, त्यानेच आपण घडतो. माझं दुःख मला हवंय.

मला वाटतं, मी त्या रात्री कुठलातरी 'चांगला' सिनेमा लावला असता तर दोन तास बरे गेले असते. एवढंच. खानच्या लढाईने माझं मन रमवलं असतं. तो रॅझीवाला सिनेमा मात्र माझ्या व्हरांड्यापर्यंत आला.

म्हणून पुतण्याला म्हटलं, एक सौदा करू. तुझे दोन, चार, सहा बघू, पण मध्ये माझा पाचवा. तो 'ठीक आहे' म्हणाला, बहुतेक माझ्या वयाकडे बघून.

बघितला. स्कॉटीने डोकं आपटलं तेव्हा पुतण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी निमूट सोसलं. दादा मागे आरामखुर्चीत दिवाळी अंक चाळत होता. मॅकॉयचा प्रसंग आला तेव्हा पानांचा आवाज थांबला. मी मागे वळून पाहिलं नाही. प्रसंग संपला, गोष्ट पुढे गेली, आणि पाचेक मिनिटांनी दादा म्हणाला, "मगाचचं ते जरा परत लाव रे."

परत लावलं. पुतण्याला काय कळलं कोणास ठाऊक, पण तो काही बोलला नाही. त्याच्या अकलेचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

सिनेमाच्या शेवटी तिघे मित्र पुन्हा शेकोटीपाशी बसलेले असतात. सुरुवातीला कर्क म्हणालेला असतो की आपल्यासारख्यांना कुटुंब नसतं. शेवटी कबूल करतो की चुकलं माझं. एकदा भाऊ गमावला होता, नशिबाने परत मिळाला, असं म्हणतो. तो स्पॉकबद्दल बोलत असतो, म्हणजे तिसऱ्या भागाबद्दल. बघा, नावडते भाऊसुद्धा एकमेकांना कसे धरून असतात.

रात्री गॅलरीत उभे असताना मी दादाला ते वाक्य सांगून टाकलं. व्हरांड्यातलं. त्याला आठवत होतं म्हणाला, आणि मग म्हणाला, "तू लहान होतास." मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो! पण धाकटा तो धाकटाच. थोड्या वेळाने तो म्हणाला, "भाऊबीजेला आत्याला बोलावू या का? किती वर्षांत आली नाही."

आत्या आली. हे सगळं एका पडीक सिनेमामुळे झालं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण यादीतून 'बघायचे नसतात' म्हणून जे काढून टाकतो, त्यात कधीकधी आपल्यासाठी ठेवलेलं काहीतरी असतं, एवढं मी पुतण्याला नक्की सांगीन.

असो. येत्या दिवाळीला तिसरा भाग लावायचं ठरलंय. चकल्या मी करून नेणार आहे. मीठ बेताचं घालीन.